दारात मिनी ट्रॅक्टर, आवार मात्र खोलगटच! सपाटीकरणाचं अवजार निवडताना हिशेब कुठे चुकतो?

यवतमाळ : २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जमीन तयार करायच्या अवजारांनाही तोच ५ टक्क्यांचा दर लागू झाला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग आधी १८ टक्क्यांत होते, तेही ५ टक्क्यांत आले. कर धरण्याआधी ३ लाखांचा असलेला मिनी ट्रॅक्टर पूर्वी ३ लाख ३६ हजारांना पडायचा, तो आता ३ लाख १५ हजारांना पडतो. म्हणजे २१ हजारांचा फरक. त्यामुळे बचत गटांच्या बैठकीत आणि चावडीवर मिनी ट्रॅक्टरचा विषय पुन्हा निघू लागला आहे.

पण बहुतेक ठिकाणी चर्चा होते ती कंपनीची, एचपीची आणि अनुदानाची. ट्रॅक्टरच्या मागे काय जोडायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तोवर पैसे संपलेले असतात. मग डीलर देईल तो रोटाव्हेटर आणि ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर गावात येतो. पेरणीआधी महिनाभर चालतो आणि मग कोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभा राहतो. इकडे त्याच गावात आवारात पाणी साचतं, घरकुलाची भरती अर्धवट राहते, वावरात टाकलेल्या गाळाचे ढीग पावसाळ्यापर्यंत तसेच पडून राहतात. काम आहे, ट्रॅक्टरही आहे, फक्त मधलं अवजार नाही.

अनुदान नेमकं कशाला मिळतं?

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना २०१२ पासून आहे. ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधनं, म्हणजे कल्टीव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, असं तिचं स्वरूप आहे. एकूण मर्यादा ३ लाख ५० हजार रुपये. त्यातले ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये शासन देतं आणि ३५ हजार गटाने भरायचे. गटातले किमान ८० टक्के सदस्य आणि अध्यक्ष, सचिव अनुसूचित जातीचे किंवा नवबौद्ध असावे लागतात. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात करायचा असतो. उद्दिष्टापेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते.

योजना चांगली आहे, यात वाद नाही. भूमिहीन मजुरांच्या गटाला स्वतःचं यंत्र मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे, साडेतीन लाखांची मर्यादा २०१२ च्या भावाची आहे. आज तेवढ्यात ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रोटाव्हेटर तिन्ही बसवणं जड जातं. वरचा खर्च गटाच्याच डोक्यावर येतो. दुसरी म्हणजे, उपसाधनांची यादी नांगरणी-वखरणीचा विचार करून ठरलेली आहे. सपाटीकरणाची पाटी तिच्यात नाही. म्हणून ज्या गटाला गावात भाड्याने काम करून पैसे उभे करायचे आहेत, त्याला नेमकं कमाईचं अवजार स्वतःच्या खिशातून घ्यावं लागतं.

महाडीबीटीवरून कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनेत अर्ज करणाऱ्यांसाठी गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे ट्रॅक्टरसाठी वेगळा आणि अवजारांसाठी वेगळा अर्ज करता येतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत अनुदान मिळतं. जमीन सुधारणा आणि पूर्वमशागतीच्या अवजारांचा गट निवडताना रोटाव्हेटरवर बोट ठेवून मोकळं होण्याआधी सपाटीकरणाचं अवजार त्यात आहे का, हे आपले सरकार केंद्रावर बसून बघून घ्यावं. आणि पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नये. आधी बिल फाडलं की अनुदान गेलं.

रोटाव्हेटर माती भुसभुशीत करतो, सपाट नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. रोटाव्हेटर ढेकळं फोडतो आणि माती जागच्या जागी फिरवतो. उंचवट्यावरची माती खड्ड्यात नेऊन टाकण्याचं काम तो करत नाही. खोलगट आवारात रोटाव्हेटर मारला तर खोलगट पण भुसभुशीत आवार तयार होतं आणि पहिल्या पावसात तिथे आणखी चिखल होतो.

आणखी एक. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा यवतमाळ शहराभोवतीच्या मुरमाड जमिनीत दगड-गोटे भरपूर. अशा जागी रोटाव्हेटरची पाती वाकतात, बोल्ट तुटतात आणि झटका गिअरबॉक्सला बसतो. भाड्याचे मिळाले पाचशे आणि दुरुस्ती लागली दोन हजारांची, असा व्यवहार होतो.

सपाटीकरणाचं खरं अवजार म्हणजे मागची पाटी, लेव्हलर ब्लेड. पूर्वी बैलजोडीला केणी किंवा लाकडी पाटा जुंपून हेच काम व्हायचं. पाटी माती ओढते, उंच जागची खरवडते आणि खोल जागी सोडते. तिला पीटीओ लागत नाही, गिअरबॉक्स नाही, साखळी नाही. झिजते ती फक्त खालची धार, आणि ती गावातला वेल्डिंगवालाही बदलून देतो. दिसायला साधी म्हणून शोरूममध्ये तिची कोणी जाहिरात करत नाही.

पाटी घेताना चार गोष्टी बघायच्या

पहिली गोष्ट रुंदीची. पाटी मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी रुंद हवी, नाहीतर चाकांच्या चाकोऱ्या मागे राहतात. ९ ते १८ एचपीच्या ट्रॅक्टरला साधारण चार फुटांची पाटी पुरते. सहा फुटांची लावली तर माती भरल्यावर चाकं जागीच फिरतात. मिनी ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन सात-आठशे किलोच्या आसपास असतं. मोकळ्या मातीत ओढण्याची ताकद इंजिनापेक्षा या वजनावर आणि टायरच्या पकडीवर जास्त अवलंबून असते.

दुसरी गोष्ट कोनाची. पाटी डावी-उजवीकडे तिरपी करता आली पाहिजे. सरळ पाटीने भरती पसरते, तिरप्या पाटीने माती एका अंगाला लागते. पाणी काढायची चारी, धुऱ्याला माती लावणं, पांधणीच्या कडेला उतार देणं ही कामं तिरप्या पाटीशिवाय होत नाहीत. पाटी उलटी फिरवता येत असेल तर रिव्हर्समध्ये माती ढकलताही येते. भिंतीजवळच्या कामाला हे फार उपयोगी पडतं.

तिसरी गोष्ट बाजूच्या पत्र्यांची. साध्या पाटीतून माती दोन्ही बाजूंनी सांडते. दोन्ही टोकांना फूटभराचे पत्रे जोडले की माती पेटीत धरल्यासारखी पुढे जाते आणि लांबच्या खड्ड्यापर्यंत नेता येते. पत्रे नटबोल्टने काढता-लावता येतील असेच करून घ्यावेत.

चौथी गोष्ट पिनची. मोठ्या ट्रॅक्टरची पाटी शेजाऱ्याकडे पडून आहे म्हणून मिनीला लागेलच असं नाही. तीन-बिंदू जोडणीच्या कॅटेगरी ठरलेल्या आहेत. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिनची जाडी २२ मिलिमीटर, तर कॅटेगरी २ मध्ये २८ मिलिमीटर असते. मोठे ट्रॅक्टर बहुधा दुसऱ्या गटातले. काही लहान ट्रॅक्टरची जोडणी कॅटेगरी १ पेक्षाही अरुंद असते. खरेदीआधी पिनची जाडी आणि दोन खालच्या दांड्यांमधलं अंतर मोजून, कागदावर लिहून नेलं तर पुढची तोडजोड वाचते.

जेसीबी, मोठी ट्रॉली आणि मिनी : कोणाचं काम कोणतं?

एका साध्या आवाराचा हिशेब करू. ३० बाय ४० फुटांचं, म्हणजे १,२०० चौरस फुटांचं आवार चार इंच उचलायचं आहे. त्याला ४०० घनफूट, म्हणजे ४ ब्रास भरती लागते. मुरूम दबल्यावर बसतो, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरायचा. म्हणजे ५ ब्रास आणावा लागतो.

आता एक ब्रास मुरमाचं वजन साडेचार टनांच्या घरात जातं. मिनी ट्रॅक्टरच्या छोट्या ट्रॉलीत धोका न पत्करता एक ते दीड टन भरता येतो. म्हणजे एका ब्रासला किमान तीन फेऱ्या आणि पाच ब्रासला पंधरा. मोठ्या ट्रॅक्टरच्या ब्रासभर ट्रॉलीत हेच काम पाच फेऱ्यांत होतं. खाण चार किलोमीटरवर असेल तर मिनीने मुरूम वाहणं हा नुसता डिझेलचा धूर आहे.

खोदकामाचंही तसंच. वर्षानुवर्षं दबलेला मुरूम किंवा दगडाची धार फोडायला मिनी ट्रॅक्टर नाही. जेसीबीचं वजन साडेसात टनांच्या आसपास असतं, मिनीच्या जवळपास दहापट. जे काम तिथे अर्ध्या तासात होतं, ते मिनीने करायला गेलं तर दिवस जातो आणि क्लच जातो.

मग मिनीचं काम कोणतं? जेसीबी गेल्यावर उरतं ते. जेसीबीचा बकेट बारीक लेव्हल देत नाही. अरुंद गल्लीतून, घर आणि कोठ्याच्या मधल्या आठ फुटांतून ते यंत्र जातही नाही. त्याचं भाडं तासावर असतं, म्हणून शेवटचा हात फिरवायला कोणी ते थांबवून ठेवत नाही. खोदायला जेसीबी, वाहायला मोठी ट्रॉली आणि पसरवून लेव्हल करायला मिनीची पाटी, असं काम वाटून घेतलं तर मालकाचा खर्च कमी होतो आणि मिनीवाल्याला हक्काचं काम मिळतं. तिन्ही कामं एकट्या मिनीने ओढायचा हट्ट धरला की तोटा ठरलेला.

पुढे बसवायचा लोडर बकेट बघून अनेकांना मोह होतो. पण भरलेला बकेट उचलला की सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागे वजन बांधल्याशिवाय ट्रॅक्टर सांभाळत नाही. ट्रॅक्टर त्या कामासाठी बनलेला नसेल तर स्टीअरिंग आणि पुढचा एक्सल लवकर जातो. सुरुवातीच्या खरेदीत त्याला जागा नाही.

गाळाचे ढीग : उन्हाळ्यातलं मोठं काम

आवारापेक्षा मोठं काम वावरात आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राज्यात २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. पात्र अल्प व अत्यल्प भूधारकांना, तसंच विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना गाळासाठी एकरी १५ हजार रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत जास्तीत जास्त ३७ हजार ५०० रुपये अनुदान त्यात आहे. आत्महत्यांच्या बातम्यांनी देशभर नाव गेलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही तरतूद महत्त्वाची आहे.

एकरी ४०० घनमीटर गाळाचा हिशेब धरला तर तो वावरभर पसरल्यावर जेमतेम चार इंचांचा थर होतो. पण टिप्पर तो पसरवत नाही, ढीग टाकून निघून जातो. ४०० घनमीटर म्हणजे सुमारे १४० ब्रास. फावड्याने हे काम होत नाही, आणि ढीग तसेच राहिले तर पेरणीच्या वेळी तिथे उंचवटे, मधे डबकी. बाजूला पत्रे लावलेली पाटी मिनीला जोडून हेच काम मार्च ते मेमध्ये करता येतं. ज्या गावच्या तलावातून गाळ निघणार आहे, तिथल्या गटाने ट्रॅक्टर घेताना पाटी आधी आणि रोटाव्हेटर नंतर असा क्रम लावला तर पहिल्याच उन्हाळ्यात फरक कळेल.

वावर सपाट करताना मात्र एक जपायचं. वरची पाच-सहा इंच माती हीच खरी कमाई. हलक्या जमिनीत उंचवटा सरळ कापला तर खालचा मुरूम उघडा पडतो आणि त्या पट्ट्यात पऱ्हाटी कितीतरी हंगाम गुडघ्याच्या वर जात नाही. आधी वरची माती एका बाजूला ओढून ठेवायची, खालचा उंचवटा कापायचा आणि मग तीच माती परत वर पसरायची. वेळ जास्त लागतो, पण पीक वाचतं.

काळ्या मातीचा वाफसा

राळेगाव, कळंब, बाभुळगावच्या वर्धा नदीकाठची भारी काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगा पडतात. ही माती आवाराच्या भरतीला चालत नाही. आज लेव्हल केलेलं आवार पावसाळ्यात फुगतं आणि दिवाळीनंतर फाटतं. भरतीला मुरूमच हवा. तोही एकदम न ओतता चार ते सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर दाब, मग पुढचा थर. रोलर नसेल तर भरलेल्या ट्रॉलीची चाकं आडवी-उभी फिरवूनही बरंच दबतं.

वावरातलं काम वाफशावरच करायचं. ओल्या काळ्या मातीवर पाटी मारली तर ती चिकटते आणि चाकाखालची जमीन घट्ट होते. पूर्ण वाळली तर ढेकळं निघतात. अशा वेळी आधी पाच फणी कल्टीव्हेटर फिरवून माती मोकळी करायची आणि मग पाटी लावायची. या जोडीसाठीच कल्टीव्हेटर घ्यावा. योजनेत रोटाव्हेटर आणि कल्टीव्हेटर यांपैकी एकच निवडायचा असेल आणि काम मुख्यतः सपाटीकरणाचं असेल, तर कल्टीव्हेटर बरा पडतो.

आवाराचा उतार घरापासून बाहेर जाणारा हवा. दहा फुटाला सव्वा ते अडीच इंच पुरतो. तो डोळ्यांनी ठरत नाही. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चार कोपऱ्यांत खुंट्या मारल्या, त्यांना दोरी बांधली की ट्रॅक्टरवाल्यालाही कुठे कापायचं, कुठे भरायचं ते दिसतं. हे पाणी शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही ना, हेही त्याच वेळी बघावं. गावातली निम्मी भांडणं सांडपाण्यावरून होतात.

मुरूम कुठून येतो, हेही महत्त्वाचं

मुरूम हे गौण खनिज आहे. परवानगीशिवाय काढला किंवा वाहिला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होऊ शकतं. अनुदानाचा ट्रॅक्टर जप्त झाला तर अख्खा गट अडकतो. म्हणून वाहतुकीचा पास मालकाने तहसीलमधून काढला आहे, हे बघितल्याशिवाय ट्रॉली भरू नये.

आपल्याच जागेतली माती त्याच जागेत इकडची तिकडे करणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात म्हटलं, की खोदलेली माती त्याच जागेत भरावाला वापरली तर तिच्यावर सरसकट स्वामित्वधन लावता येत नाही, ती कशासाठी वापरली ते तपासावं लागतं. पण याचा अर्थ नाल्यातला किंवा गायरानातला मुरूम उचलायला मोकळीक मिळाली, असा नाही.

पाटीवर माणूस बसवू नका

पाटी मातीत घुसत नाही म्हणून तिच्यावर पोरगं बसवायचं किंवा गड्याला उभं करायचं, हे दृश्य जिल्ह्यात नवीन नाही. बैलाच्या पाट्यावरची ही सवय ट्रॅक्टरवर जीव घेते. पाटी दगडाला अडकली की बसलेला माणूस चाकाखाली किंवा पाटीखाली जातो. वजनच हवं असेल तर मातीची पोती दोरीने घट्ट बांधावीत. पीटीओवर चालणारं अवजार असेल तर फिरत्या दांड्यावरचं कव्हर काढू नये. धोतर, ओढणी, पदर क्षणात गुंडाळला जातो. आणि धुऱ्यावरून तिरपं चढणं टाळावं, लहान ट्रॅक्टर लवकर उलटतो.

आधी काम, मग अवजार, शेवटी ट्रॅक्टर

मिनी ट्रॅक्टर वर्षभर चालायचा असेल तर त्याचं कॅलेंडर आधी मांडावं लागेल. मार्च ते मे गाळ पसरवणं, आवार, कोठा, घरकुलाची भरती, त्यासाठी पाटी आणि कल्टीव्हेटर. जूनअखेर ते सप्टेंबर चार फुटांच्या ओळीतल्या कपाशीत डवरणी, तिथे मिनीची अरुंद चाकोरी कामाला येते. हिवाळ्यात ट्रॉलीतून कापूस, शेणखत, कुटार. कुंपणाचे आणि झाडांचे खड्डे घेणारं अवजार गावात मागणी दिसली तरच, तेही आधी भाड्याने आणून बघून.

गटाने कोटेशनवर सही करण्याआधी तीन आकडे वहीत लिहावेत : गावात सपाटीकरणाची किती कामं आहेत, ट्रॅक्टरच्या पिनची जाडी किती आहे, आणि ट्रॅक्टर आल्यावर पाटीसाठी किती पैसे उरतात. जीएसटीतून वाचलेली रक्कम सीटकव्हर आणि टेपवर जाण्याआधी पाटीसाठी बाजूला ठेवली तर बरं.

उरलेलं काम शासनाचं आहे. साडेतीन लाखांची मर्यादा आजच्या भावाला आणणं, आणि उपसाधनांच्या यादीत रोटाव्हेटर-कल्टीव्हेटरच्या जोडीला सपाटीकरणाची पाटी निवडायची मुभा देणं. यासाठी नवी योजना लागत नाही, जुन्या शासन निर्णयात दोन ओळींची दुरुस्ती पुरते. ग्रामसभेच्या ठरावातून आणि आमदारांकडच्या निवेदनातून ही मागणी जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांतून जाऊ शकते. तोवर ३५ हजार भरणाऱ्या गटाने एवढं ध्यानात ठेवलेलं बरं : अनुदान ट्रॅक्टर दारात आणून देतं, त्याचं डिझेल मात्र मागच्या अवजारालाच कमवावं लागतं.